चौकात फाशी द्यायची का?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्याला भर चौकात लटकवा. तुमचं मत?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : राग कळतो हो, मलाही येतो. पण गंभीर गुन्ह्यांना पॉक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) २०१९ पासून फाशी आहेच की! अडतं कुठे, तर करणारा बहुतेकदा घरातला नाहीतर ओळखीचाच निघतो, मग काका फासावर जाईल म्हणून आजीच पोरीला गप्प बसवते. माझ्या मते शिक्षा होणारच ही खात्री जास्त महत्त्वाची, कायदा म्हणतो शक्यतो वर्षात केस संपवा, त्या ‘शक्यतो’तच सगळं घोडं पेंड खातं. आणि माहीत असून तक्रार न करणं हाही गुन्हाच, सहा महिन्यांपर्यंत कैद. पोरीचा जबाब घरीही घेता येतो, पोलीस वर्दीत नसतात. ग्रुपवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर टाका आधी.