वाचकांचे प्रश्न : जांभळाच्या ढोलीत बुरशी, मग झाड तोडायचं का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, घर जुनं आहे, मागच्या अंगणात आजेसासऱ्यांनी लावलेलं जांभळाचं झाड आहे. खोडात हात जाईल एवढी ढोली झालीये, त्यातून चॉकलेटी भुसा गळत असतो आणि शेजारच्या पत्र्यावर कबुतरं. सासऱ्यांची किडनी ट्रान्सप्लांट झालीये. फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की झाडांतल्या बुरशीने मेंदूज्वर होतो, तेव्हापासून घरात एकच घोशा, झाड तोडा. माळी म्हणतो रॉकेल ओतून ढोली जाळून टाकू. काय करू?

उत्तर : ताई, आधी माळ्याला थांबवा. झाड तर जाईलच, वर धूर घरात.

मेसेज अगदीच फेक नाहीये. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी आहे, तिच्या निओफॉर्मन्स आणि गॅटी या दोन जाती माणसाला त्रास देतात. पहिलीचं नाव कबुतरांच्या विष्ठेशी जोडलेलं, दुसरी १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात एलिस आणि फायफर या संशोधकांना निलगिरीवर सापडली, म्हणून बरीच वर्षं सगळं खापर निलगिरीवरच फुटायचं. मग दिल्लीत वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटवाल्यांनी उभ्या झाडांच्या ढोलीतलं कुजकं लाकूड तपासलं तर जांभळात दोन्ही निघाल्या, पुढे आंबा, चिंच, कडुनिंब अशी यादी वाढतच गेली. आणि लांब कशाला, आपल्या जबलपूरच्या झाडांच्या ढोलीतही मिळाल्याचं २००७ मध्ये छापून आलंय. त्यामुळे आपल्या अंगणात नसेलच असं धरून चालू नका.

पण झाड नुसतं उभं आहे म्हणून कोणी आजारी पडत नाही. सुकलेला भुसा उकरला, झाडला की बारीक कण हवेत उडतात आणि श्वासातून फुफ्फुसात जातात. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही (गॅटी कधीकधी अशांनाही धरते, ते सोडा), पण ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू असतात, तिथे ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. एकाचं दुसऱ्याला मात्र लागत नाही, तेवढं घरच्यांना सांगा.

आता तोडायचंच म्हटलं तर पालिकेची परवानगी काढा, ते एक झालं, पण करवत लागली की सगळ्यात जास्त भुसा त्याच दिवशी उडणार ना! त्यापेक्षा ढोलीला हात लावू नका, सिमेंटने बुजवूही नका, आत ओल कोंडून लाकूड अजून कुजतं. खाली पडलेला भुसा पाणी शिंपडून मगच उचलायचा, कोरडा खराटा नको. फांद्या छाटायच्या असतील तर सासऱ्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा आणि माळ्याला एन-९५ मास्क द्या. पत्र्यावरची कबुतरांची घाणही अशीच भिजवून काढा, खरं सांगू का, मला झाडापेक्षा तो पत्राच जास्त खटकतोय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सासऱ्यांचं डोकं आठवडा-दोन आठवडे सतत दुखत असेल, सोबत बारीक ताप, उलट्या, धूसर दिसणं असं काही असेल तर सायनस असेल, ॲसिडिटी असेल करत बसू नका, यातच महिना निघून जातो. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना लगेच गाठा, क्रिप्टोकॉकल अँटिजेनची (म्हणजे या बुरशीचा अंश शोधायची) रक्त तपासणी करायची का हे स्वतःहून विचारा, गरज पडली तर ते पाठीतलं पाणी काढून तपासतील. उपचार आहेत, ॲम्फोटेरिसिन, फ्लुसायटोसिन आणि नंतर कित्येक महिने फ्लुकोनॅझोल. हे शेवटचं मेडिकलवर सहज मिळतं म्हणून कोणी आपल्या मनाने सुरू करू नये, ट्रान्सप्लांटवाल्यांच्या टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्यांपैकीच एक) रक्तातली पातळी त्याने वाढते आणि भोगावं लागतं किडनीलाच.

प्रश्न : मग त्याच झाडाची जांभळं खाल्ली तर चालतील का? मुलं ऐकत नाहीत.

उत्तर : मुलांना खाऊ द्या की, धुऊन. गंमत म्हणजे ही बुरशी १८९४ मध्ये इटलीत पहिल्यांदा वेगळी केली ती पीचच्या रसातून, पण आजार होतो श्वासावाटे, खाण्यातून नाही. फक्त ढोलीत काठी घालून पोपट शोधायचा उद्योग बंद करायला सांगा. सासऱ्यांनी किती खायची ते त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा, तिथे पथ्याचा प्रश्न वेगळा असतो.