ऑडिशन देऊन देऊन आत्मविश्वास गेलाय. उमेद कशी टिकवायची?

प्रश्न असा आहे: "मी २३ वर्षांची, कोल्हापुरात राहते. वर्षभर मालिका, जाहिराती आणि मॉडेलिंगसाठी ऑडिशन देतेय. बहुतेक ठिकाणांहून उत्तरसुद्धा येत नाही. आता कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की आवाज कापतो. आत्मविश्वास कसा टिकवायचा?"

मीही कोल्हापूरचीच. स्पर्धेची नाटकं करते, मालिकांमध्ये लहानसहान भूमिका केल्या आहेत, साड्यांच्या आणि दागिन्यांच्या शूटला उभी राहिले आहे. शिवाय स्थानिक चेहरे शोधायला मुंबई-पुण्याची मंडळी इकडे आली की समोर बसून क्यू द्यायला, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला, मला पुष्कळदा बोलावतात. तुम्हाला दारातून बाहेर पडल्यावर जे ऐकू येत नाही ते तिथं बसून ऐकायला मिळतं, म्हणून हे उत्तर लिहितेय.

"उत्तरसुद्धा येत नाही" यावर आधी बोलू. कलाकार बाहेर गेला, कॅमेरा बंद झाला की आतली बोलणी साधारण अशी असतात: "चांगली केली, पण आईच्या भूमिकेत ज्या बाई आहेत त्यांच्याशी चेहरा जुळत नाही." "हिरो हिच्यापेक्षा बुटका दिसेल." "या वयाच्या दोन मुली मालिकेत आधीच आहेत." "चॅनेलला जरा ओळखीचा चेहरा हवाय." यातल्या एकाही वाक्यात तुमचा अभिनय वाईट आहे असं कोणी म्हणत नाही. कास्टिंग करणारा माणूस फक्त शॉर्टलिस्ट पाठवतो. त्यावर दिग्दर्शक बघतो, निर्माता बघतो, मालिका असेल तर चॅनेल बघतं. कधी ती भूमिकाच कथेतून गळते. अशा वेळी पाठवलेल्या प्रत्येकाला फोन करून कारण सांगायची पद्धत या धंद्यात नाही. ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं, पण नाही. त्यामुळे उत्तर आलं नाही याचा अर्थ एवढाच धरायचा की या भूमिकेला दुसरं कोणीतरी घेतलं. त्याला "मला जमत नाही" हा अर्थ आपण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जोडतो.

आता आवाज कापण्याबद्दल. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये ऑडिशन चालू होतं. प्रसंग दोन पानांचा, मुलगी शिकायला परगावी जाणार आहे हे वडिलांना सांगते. मी वडिलांची वाक्यं वाचत होते. एक मुलगा आधी होऊन गेला होता, त्याच्यासाठी प्रसंग थोडा बदलून दिला होता. त्याला शब्द न् शब्द पाठ होता, पण प्रत्येक टेकनंतर त्याचं सुरू व्हायचं, "सॉरी सर, सर्दी झालीय. सॉरी, रात्री प्रवास झाला." तिसऱ्या सॉरीला समोरच्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मग एक मुलगी आली. तिसऱ्याच वाक्याला अडकली. आवाज तिचाही कापत होता, हातातला कागद थरथरलेला मला दिसत होता. ती थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि मला म्हणाली, "ताई, 'मग घराकडं कोण बघणार' हे वाक्य जरा सावकाश टाकाल? तिथं मला तुमच्याकडं बघून गप्प बसायचंय." दुसऱ्या टेकला ती खरोखर गप्प बसली. माझ्या शेजारी बसलेल्या दिग्दर्शकानं पेन उचललं आणि तिच्या नावापुढं खूण केली.

भीती दोघांनाही होती. फरक इतकाच की तिच्याकडे त्या खोलीत करायला एक काम होतं. कुठं थांबायचं, कोणाकडं बघायचं, बापाकडून काय मिळवायचं हे तिनं ठरवून आणलं होतं आणि लक्ष त्यात गुंतलं होतं. मुलाचं सगळं लक्ष आपण कसे दिसतोय याच्यावर होतं. म्हणून माझं तुम्हाला सांगणं असं की आत्मविश्वास वाढवण्याच्या मागं लागू नका. आरशासमोर उभं राहून "मी करू शकते" म्हणण्यात वेळ घालवण्यापेक्षा तो वेळ प्रसंगाला द्या. कागद हातात आला की तीन गोष्टी शोधायच्या: ही मुलगी प्रसंगाच्या आधी कुठं होती, समोरच्याकडून तिला नेमकं काय हवंय, आणि कोणत्या वाक्याला तिच्या मनात बदल होतो. हे ठरलं की पाठांतर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना करा. एका जागी बसून केलेलं पाठांतर उभं राहिलं की विसरतं, हा रंगमंचावरच्या सगळ्यांचा अनुभव आहे.

आवाज सर्वात जास्त कापतो तो इंट्रोला, म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओळख करून देताना, प्रसंगाला नाही. नाव, वय, उंची, गाव, आधी केलेलं काम, मग डावी-उजवी बाजू दाखवायची. एवढं सोपं म्हणून कोणी त्याचा सराव करत नाही आणि तिथंच घसा कोरडा पडतो. अर्ध्या मिनिटाचा इंट्रो रोज मोठ्यानं म्हणा. शिवाय त्या दिवशी तोंडातून निघणारा पहिला शब्द कॅमेऱ्यासमोरचा नको. सकाळपासून बोला, गुणगुणा, रंकाळ्यावर फिरायला जात असाल तर चालता चालता वाक्यं म्हणा. आत जाण्याआधी श्वास जेवढा वेळ घेता त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा, असं चार-पाच वेळा केलं की छातीतली धडधड उतरते. पूर्ण जाणार नाही. ती गेली नाही तरी काम होतं.

हल्ली पहिली फेरी बहुतेक वेळा सेल्फ टेपवर, म्हणजे घरीच मोबाइलवर स्वतःचा प्रसंग चित्रित करून पाठवण्यावर होते, आणि कोल्हापुरात राहणाऱ्यांसाठी हे फार चांगलं झालंय. मोबाइल आडवा धरा, उभा मागितला असेल तरच उभा. मागं साधी भिंत, उजेड समोरच्या खिडकीतून, पंखा बंद. क्यू देणारी व्यक्ती कॅमेऱ्याच्या अगदी लगत उभी करा आणि तिला तुमच्यापेक्षा हळू आवाजात वाचायला सांगा, नाहीतर टेपमध्ये तिचंच ऑडिशन झाल्यासारखं वाटतं. चार-पाच टेकपेक्षा जास्त घेऊ नका. विसाव्या टेकला चेहऱ्यावर फक्त कंटाळा उरतो.

टेप पाठवली की एक वही काढा. त्यात लिहायचं: काय मागितलं होतं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय वेगळं करेन. निकालाचा रकाना वहीत ठेवायचाच नाही. झाली का निवड, आला का फोन, हे त्या वहीत येऊ द्यायचं नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त आधार या एका सवयीनं दिलाय. चार महिन्यांनी मागची पानं उलटली की आपण कुठून कुठं आलो ते लिखित स्वरूपात दिसतं, आणि त्यासाठी कोणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण इकडच्या मुलामुलींचा निम्मा धीर तिथंच सुटतो म्हणून लिहिते. "तुमचा टोन गावाकडचा येतो" असं कोणीतरी तोडून टाकतं आणि मग आपण तोंड उघडायलाच घाबरतो. प्रमाण मराठी यायलाच हवी, त्यासाठी रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचा, 'न' आणि 'ण' वेगळे ऐकू येतायत का ते रेकॉर्ड करून तपासा. पण कोल्हापुरी पुसून टाकू नका. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ पासून चार वर्षं चालली, तिचं चित्रीकरण आपल्या जवळच्या वसगड्यात झालं आणि तिची सगळी चव इथल्या बोलीत होती. अशा कामासाठी पुण्यातल्या मुलीला जे शिकून घ्यावं लागतं ते तुमच्या घरात बोललं जातं. टेप करण्याआधी विचारायचं, बोली हवी की प्रमाण, आणि जे सांगतील ते पूर्ण विश्वासानं द्यायचं.

मॉडेलिंगचं गणित वेगळं आहे. तिथं पुष्कळदा फक्त माप बघतात. रॅम्पला उंची लागते, ती नसेल तर कितीही मेहनत केली तरी ते दार उघडत नाही, आणि त्यात अपमान मानण्यासारखं काही नाही. कॅटलॉग, साड्या, दागिने यांना मात्र उंचीची अट सहसा नसते. गुजरीतल्या एखाद्या सराफाचं शूट असेल तर मान, हात, बोटं आणि तासभर न कंटाळता स्थिर उभं राहणं याला किंमत आहे. सुरुवातीला महागडा पोर्टफोलिओ, म्हणजे व्यावसायिक फोटोंचा संच, लागत नाही. दिवसाच्या उजेडात, मेकअपशिवाय, समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे स्वच्छ फोटो पुरतात.

एका गोष्टीचा मला मनस्वी राग आहे, ती म्हणजे "गोरी मुलगी पाहिजे" ही मागणी. ती अजूनही येते. त्यापायी मुली दुकानातून स्टेरॉइड असलेली क्रीमं आणून महिनोन्महिने लावतात. त्यानं त्वचा पातळ होते, पुरळ येतो, चेहऱ्यावर लव वाढते, आणि मग क्लोजअपची भीती कायमची बसते. कोणी रंगावरून नाकारलं तर ते काम आपलं नव्हतं म्हणून सोडून द्या. चेहरा तुम्हाला जन्मभर वापरायचाय.

पैशांचंही स्पष्ट सांगते. खरं ऑडिशन फुकट असतं. रजिस्ट्रेशन फी, "कार्ड काढायला लागेल", "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा" असं कोणी म्हटलं की उठून यायचं. लॉजच्या खोलीत बोलावलं तर जायचंच नाही. कुठंही पहिल्यांदा जाताना घरचं कोणीतरी बरोबर असू द्या, त्यात कमीपणा नाही. नकारानं मुली खचतात त्याहून जास्त फसवणुकीनं खचतात, कारण तिथं घरच्यांचाही विश्वास जातो.

मुंबईला सारखं धावू नका. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून लोकलनं अंधेरी, मग वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये, जिथं ऑडिशन चालतात, दारोदार चौकशी करायची आणि संध्याकाळी परत गाडीत बसायचं. या दगदगीत चेहरा उतरतो आणि दोन मिनिटांत "फिट नाही" ऐकलं की सगळा प्रवास डोळ्यांत येतो. पहिल्या फेरीला टेप चालेल का हे नम्रपणे विचारा. शॉर्टलिस्ट होऊन लुक टेस्टला, म्हणजे भूमिकेच्या वेशात कशा दिसता ते बघायला, बोलावलं तर आदल्या दिवशी जा, नातेवाइकांकडे राहा, झोप पूर्ण करा.

कायमचं मुंबईला जावं का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली याच गावात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्यामुळे गाव सोडलं म्हणून कोणी वाईट ठरत नाही, आणि राहिलं म्हणून मागं पडत नाही. माझं मत विचाराल तर हातात सहा महिन्यांचा खर्च आणि केलेल्या कामाच्या दोन-तीन चांगल्या क्लिप्स असल्याशिवाय जाऊ नये. मालिकेत काम मिळालं तरी पैसे हातात यायला तीन महिने लागू शकतात. तोवर शिकवण्या घ्या, अर्धवेळ नोकरी करा. भाड्याची चिंता डोक्यात घेऊन दिलेलं ऑडिशन ओळखू येतं, डोळ्यांत विनवणी उतरते.

आणि रोज रडू येत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर महिनाभर ऑडिशन बंद ठेवा, घरी सांगा, डॉक्टरांशी बोला. भूमिका पुढच्या महिन्यातही असणार आहेत.

राहिला प्रश्न उमेदीचा. दोन ऑडिशनच्या मधल्या काळात अभिनय न करणाऱ्याची उमेद टिकत नाही, असं मी वर्षानुवर्षं बघतेय. वर्षभर फक्त ऑडिशन दिलीत म्हणजे वर्षभर कोणीतरी तुमची परीक्षाच घेत होतं, काम करायला मिळालंच नाही. इथं काम आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र कोल्हापुरात आहे, एकांकिका होतात, शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पोरं शॉर्ट फिल्म करत असतात, मोरेवाडीच्या चित्रनगरीत सेट लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. आमच्यातल्या कित्येकांचं पहिलं पाऊल त्या रंगमंचावर पडलं होतं, आम्ही रडलो, आणि त्याच आठवड्यात एका मैत्रिणीच्या गच्चीवर तालमीला बसलो. प्रेक्षकांपुढे दोन तास उभं राहिलेल्या मुलीला कॅमेऱ्यासमोरची दोन मिनिटं तितकी मोठी वाटत नाहीत. आवाज कापायचा थांबतो तो अशाच तालमींमधून.

पावसाळ्यात स्पर्धेच्या संहितांची वाचनं सुरू होतात. एखाद्या ग्रुपच्या वाचनाला जाऊन बसा. भूमिका वाटून झाल्या असतील तर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सुचवायचं काम, मागा, नाहीतर बॅकस्टेज घ्या. सेल्फ टेपला क्यू द्यायला माणसंही तुम्हाला तिथंच मिळतील.