सीपॅप लावूनही दिवसा झोप येते? आधी मशीनचे आकडे बघा

तुमच्या यजमानांना स्लीप अ‍ॅपनिया आहे, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो. वय ५२, घरी केलेल्या झोपेच्या तपासणीत एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ३८, दोन महिन्यांपासून नाकाचा मास्क आणि ऑटो सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं आणि तो दाब गरजेप्रमाणे स्वतः बदलणारं मशीन. तरी दुपारी ऑफिसात पेंग येते आणि सकाळी तोंडाला कोरड पडलेली असते. आता ऑपरेशन करावं, दातांची पट्टी घ्यावी की गोळी सुरू करावी, असं तुम्ही विचारलं आहे. यातल्या कशाकडेही वळण्याआधी मशीनमधले तीन आकडे बघा: वापराचे तास, लीक (गळून जाणारी हवा) आणि मशीन लावूनही उरलेला एएचआय. मशीनच्या स्क्रीनवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर ते दिसतात. एसडी कार्ड असेल तर ऑस्कर या मोफत प्रोग्राममध्ये रात्रीचा मिनिटामिनिटाचा आलेख उघडता येतो. बऱ्याच मॉडेल्सची कार्डं त्यात चालतात.

आधी तास. "रोज चार तास लावला की पुरे" हे सगळीकडे ऐकू येतं, पण तो आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून आला आहे. मशीनचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला तो वापरतात, तब्येतीचं ते माप नव्हे. स्वप्नांची झोप मुख्यतः पहाटेकडे येते, तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास जास्त वेळ अडतो. रात्री ११ ला लावलेला मास्क ३ ला निघाला, तर सगळ्यात वाईट तास उपचाराविना जातात. जितकी झोप तितका मास्क, दुपारच्या झोपेलासुद्धा.

दुसरा आकडा लीक, आणि तोंडाच्या कोरडीमुळे मला सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. नाकाच्या मास्कमधून हवा आत येते आणि उघड्या तोंडातून निघून जाते. घशात प्रेशर टिकत नाही, श्वास पुन्हा अडतो. ऑटो मशीन ते ओळखून प्रेशर वाढवतं आणि गळती आणखी वाढते. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वरची लीक मोठी धरतात. काही कंपन्या मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवाही मोजतात, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

तोंड का उघडतं? बहुतेक वेळा नाक चोंदलेलं असतं म्हणून. त्यामुळे सुरुवात नाकापासून करा. झोपण्यापूर्वी सलाइनचा स्प्रे, किंवा उकळून गार केलेल्या पाण्याच्या सलाइनने नाक धुणं. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे. त्याचा गुण यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र रोज वापरू नका, आठवडाभरात नाक उलट जास्त चोंदायला लागतं. मग ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) एक-दोन आकड्यांनी वाढवा, खोलीत एसी असेल तर नक्कीच. पाणी डिस्टिल्ड आणि रोज ताजं. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला तर नळीला कापडी कव्हर घाला आणि मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. एवढं करूनही तोंड उघडत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्या. नाक बंद असताना तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका.

मास्क पट्टे घट्ट ओढल्याने बसत नाही. उलट कुशन चुरगळतं, कडेने हवा सुटते आणि नाकाच्या हाडावर व्रण पडतो. आडवं झाल्यावर, मशीन चालू ठेवून, हवा सुटायची थांबेल इतकेच पट्टे आवळा. रात्री चेहऱ्यावर तेल किंवा क्रीम नको. व्हॅसलीन तर नाकातही नको. कुशन रोज सौम्य साबणाने धुवा.

तिसरा आकडा उरलेला एएचआय. तो ५ च्या खाली हवा. त्याहून जास्त राहत असेल तर मशीनची रेंज, म्हणजे किमान आणि कमाल प्रेशर, विचारा. पुष्कळदा विक्रेता कंपनीचीच ४ ते २० ही रेंज ठेवून जातो. ४ वर अनेकांचा जीव गुदमरतो, आणि श्वास अडायला लागल्यावर मशीन वर चढेपर्यंत झोप मोडलेली असते. बहुतांश रात्र १० किंवा ११ प्रेशर लागत असेल तर किमान ४ ठेवण्यात अर्थ नाही. ते वर घ्या असं डॉक्टरांना सांगा. मात्र एक फरक तपासून घ्या. उरलेल्या अडथळ्यांत घसा मोकळा असूनही श्वास थांबण्याचे प्रसंग, म्हणजे सेंट्रल प्रकार, जास्त असतील तर प्रेशर वाढवून ते आणखी बिघडतात. नव्या मशीनवर ते बऱ्याच जणांचे काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. हृदयाचा आजार असेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

तिन्ही आकडे चांगले असूनही पेंग येत असेल तर दिवसाची झोप मोजणारी एपवर्थ प्रश्नावली भरा. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याच्या शक्यतेला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर झोप जास्त येते असं समजतात. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ आणि साखर तपासा. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं नवल नाही. सर्दीसाठी रोज घेतली जाणारी सेटिरिझिन, झोपेची गोळी, रात्रीचं मद्य हेही विचारा. मद्य आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्यांनी श्वास अडणंही वाढू शकतं. आणि मुळात झोपच साडेपाच तासांची असेल तर मशीन काय करणार? घरच्या तपासणीत बहुधा मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे पायांच्या झटक्यांनी मोडणारी झोप किंवा नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप आणणारा मेंदूचा आजार) तिथे दिसत नाही. त्यासाठी लॅबमधली पूर्ण रात्रीची तपासणी लागते. मोडाफिनिलसारखी गोळी या सगळ्यानंतर, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि रक्तदाब बघून. ती जागं ठेवते, घसा उघडा ठेवत नाही.

पेंग जाईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग त्यांच्या हाती देऊ नका. यात मी कुणालाही सूट देणार नाही.

आता पर्याय. खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी सौम्य ते मध्यम त्रासात चांगली चालते. ३८ ला ती पहिली निवड नाही, पण सीपॅप अजिबातच सहन होत नसेल तर काहीच नसण्यापेक्षा बरी. दात पुरेसे आणि घट्ट हवेत, सकाळी जबडा दुखू शकतो, आणि पट्टी हळूहळू पुढे नेत बसवावी लागते. वजन दहा टक्के उतरलं तरी एएचआय चांगला खाली येतो. टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅपनियासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. वजन खरंच जास्त असेल तर डॉक्टरांशी बोला, पण वजन उतरायला महिने लागतात, तोवर मशीन चालूच.

नाकाचं वाकडं हाड सरळ केल्याने सहसा अ‍ॅपनिया जात नाही, मास्क सहन होणं सोपं होतं. टाळू-पडजिभेच्या ऑपरेशनचा गुण माणसागणिक बदलतो, आणि घोरणं थांबलं तरी श्वास अडत राहू शकतो. म्हणून ऑपरेशन झालंच तर तीनेक महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या आणि तिचा अहवाल हातात येईपर्यंत मशीन विकू नका.