यीस्टमधील सप्रेसर टीआरएनए : नवख्या अभ्यासकास सल्ला

सोलापुरात राहून एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आपण हा विषय निवडला आहे, म्हणून प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की सप्रेसर टीआरएनए (टीआरएनए म्हणजे प्रथिन बनताना कोडॉन, म्हणजे तीन अक्षरी संकेत, वाचून त्यानुसार अमिनो आम्ल आणणारा रेणू) जनुकातील चूक दुरुस्त करत नाही, तो ती चूक वाचण्याची रीत बदलतो. यीस्टमध्ये टायरोसिन टीआरएनएची ८ जनुके असून, त्यांपैकी एसयूपी४ या जनुकाच्या टीआरएनएच्या अँटिकोडॉनमध्ये (कोडॉनशी जुळणाऱ्या तीन अक्षरांत) पहिल्या जागी जीऐवजी यू हे अक्षर आले की तो टीआरएनए यूएए या समाप्ती-कोडॉनवर, म्हणजे प्रथिन थांबवण्याच्या खुणेवर, टायरोसिन हे अमिनो आम्ल आणून ठेवतो; उरलेली ७ जनुके टायरोसिनचे नेहमीचे काम सांभाळतात, म्हणूनच पेशी जगते.

प्रयोगासाठी एडीई२-१ हा, अ‍ॅडेनिन बनवण्यास लागणाऱ्या एडीई२ जनुकात यूएए उत्परिवर्तन असलेला, वाण घ्यावा. अ‍ॅडेनिन मोजकेच असलेल्या माध्यमावर त्याच्या वसाहती लाल दिसतात, तर दमन झाल्यास (सप्रेसरमुळे यूएए ओलांडून प्रथिन पूर्ण बनल्यास) गुलाबी किंवा पांढऱ्या. पांढरी वसाहत पाहून हुरळून मात्र जाऊ नये (मी गेलो होतो), कारण ती एडीई२ जनुकातील उलट उत्परिवर्तनामुळे (चूक पुन्हा सुधारल्यामुळे) किंवा काही वाणांत पीएसआय प्लस या प्रायॉनमुळेही (आपले बिघडलेले रूप इतर रेणूंना देणाऱ्या प्रथिनामुळेही) उद्भवते. प्रायॉन असल्यास प्रथिननिर्मिती थांबवण्यास मदत करणारे ईआरएफ३ गुठळ्यांत अडकलेले असते. ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड असलेल्या माध्यमावर काही पिढ्या वाढवल्या की प्रायॉन नाहीसा होतो, सप्रेसर जनुक मात्र टिकते. मूळ लाल वाणाशी संकर केल्यास सप्रेसर चार बीजाणूंत २:२ वाटला जातो (दोघांत असतो, दोघांत नसतो), प्रायॉन बहुधा चारही बीजाणूंत उतरतो.

वाढीसाठी ३० अंश सेल्सिअस तापमान हवे आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, तेव्हा साध्या इनक्युबेटरवर न विसंबता थंड करणारा बीओडी इनक्युबेटर आधीच राखून ठेवावा.