कम्युनिटी कॉलेजातून बर्कलीला ट्रान्स्फर: 'सी' ग्रेड, नाशिकचे वर्ष आणि निबंध

नाशिकला एफ.वाय.बी.एस्सी. पूर्ण करून तुम्ही आईवडिलांबरोबर एच-४ व्हिसावर (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) कॅलिफोर्नियात आलात, कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात) दोन सेमिस्टर झाली, पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये 'सी' मिळाला आणि आता येत्या नोव्हेंबरात यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बर्कलीच्या कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करायचा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. कॅल्क्युलस पुन्हा घ्यावा का, नाशिकचे वर्ष अर्जात दाखवावे का आणि त्या वाईट सेमिस्टरची हकिगत निबंधात मांडावी का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी स्वतः अशाच कॉलेजातून यूसीत गेलो आणि गेली काही वर्षे इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मुलामुलींचे अर्ज त्यांच्याबरोबर बसून पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारावीनंतर थेट प्रवेश घेणाऱ्याचा अर्ज आणि ट्रान्स्फरचा अर्ज एकाच नजरेने वाचला जात नाही. ट्रान्स्फर विद्यार्थी तिसऱ्या वर्षात दाखल होतो, त्यामुळे वाचणाऱ्याला मुख्यतः एवढेच ठरवायचे असते की हा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून त्या विषयाच्या वरच्या वर्गात टिकेल का. उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्नियाने हा रस्ता मुद्दाम बांधलेला आहे, आणि यूसीत ट्रान्स्फर होऊन येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी याच राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात. तुम्ही आडवाटेने आत शिरत आहात अशी भावना तुमच्या लिखाणात जाणवली. ती मनातून काढून टाका.

आता कॅल्क्युलसचा 'सी'. तो विषय पुन्हा घेता येणार नाही, कारण कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत उत्तीर्ण झालेला विषय केवळ ग्रेड सुधारण्यासाठी पुन्हा घेऊ देत नाहीत. ती मुभा 'डी' किंवा 'एफ' मिळालेल्यांना असते. दुसऱ्या कॉलेजात जाऊन तोच विषय घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही ऐकू नका. प्रत्यक्ष हिशेब करून पाहा ('ए'चे चार आणि 'सी'चे दोन गुण, युनिट म्हणजे क्रेडिट): पाच युनिटांच्या एका विषयात 'सी' आणि उरलेल्या पंचावन्न युनिटांत 'ए' असतील, तर साठ युनिटांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.८३ होतो. बर्कलीच्या कॉम्प्युटर सायन्सला स्पर्धा फार तीव्र आहे आणि हा 'सी' तिथे दिसेल, यात शंका नाही, पण पुढच्या कॅल्क्युलसमध्ये आणि लिनिअर अल्जिब्रामध्ये 'ए' मिळाले, तर कागदच तुमच्या बाजूने बोलू लागतो. मेजरनिहाय (मुख्य विषयानुसार) प्रवेशाचे प्रमाण आणि निवडलेल्यांच्या जीपीएचा पट्टा यूसी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. कुणाच्या ऐकीव गोष्टींपेक्षा तो पाहावा.

त्याहून मोठा धोका तुम्ही विचारलाच नाही, म्हणून तो मी सांगतो. तुमच्या कॉलेजातला कोणता विषय बर्कलीच्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा मानला जातो, हे 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज आणि मेजर निवडून पाहावे लागते. विषयाचे नाव सारखे आहे म्हणून तो चालेलच, असे नसते. माझ्याबाबतीत नेमके हेच घडले. भौतिकशास्त्राचा दोन भागांचा संच मी एका कॉलेजात सुरू केला आणि कामाच्या वेळेशी जुळते म्हणून दुसरा भाग उन्हाळ्यात शेजारच्या कॉलेजात केला. पुढे कळले की त्या कॉलेजांच्या यूसीबरोबरच्या करारांत संपूर्ण संच एकाच ठिकाणी पूर्ण झाला तरच मान्य होता. दोन्ही भागांत चांगले ग्रेड असूनही ती अट अपुरी राहिली आणि माझे एक वर्ष गेले. असिस्टवरच्या पानावरची बारीक अक्षरांतली टीपसुद्धा वाचा, आणि ते पान छापून कॉलेजच्या ट्रान्स्फर काउन्सेलरसमोर ठेवा. भारतातून आलेली बरीच मुले गणित आणि प्रोग्रामिंगच्या मागे लागून इंग्रजीचा दुसरा विषय मागे ठेवतात, म्हणून हेही सांगतो: इंग्रजी लेखनाचे दोन विषय आणि गणिताचा एक विषय ही किमान पात्रतेचीच अट आहे, आणि तिच्यासह यूसीला चालणारी साठ सेमिस्टर युनिटे प्रवेशाआधीच्या वसंत सेमिस्टरच्या अखेरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात.

नाशिकचे वर्ष दाखवावेच लागेल. तुम्ही जिथे जिथे शिकलात, त्या प्रत्येक महाविद्यालयाची नोंद करणे बंधनकारक आहे, आणि लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली तर दिलेला प्रवेशही रद्द होतो. गुण अमेरिकी पद्धतीत रूपांतरित करत बसू नका. गुणपत्रिकेवर जसे छापले आहेत तसेच भरा. मात्र त्या वर्षातल्या गणिताने बर्कलीची पूर्वतयारी आपोआप पूर्ण होईल असे धरून चालू नका, कारण असिस्टवर फक्त कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक संस्थांमधले करार असतात. युनिटे जास्त होऊन अर्ज बाद होईल ही तुमची भीतीही अनाठायी आहे: पहिल्या दोन वर्षांच्या पातळीची सत्तरपेक्षा अधिक सेमिस्टर युनिटे मोजली जात नाहीत, एवढेच, विषयांची मान्यता टिकते.

निबंधांबद्दल माझे मत ठाम आहे. चार उत्तरे लिहायची असतात, प्रत्येक जास्तीत जास्त साडेतीनशे शब्दांचे, आणि त्यांतले मेजरच्या तयारीविषयीचे उत्तर सर्व ट्रान्स्फर विद्यार्थ्यांना अनिवार्य असते. त्या उत्तरात घरची ओढाताण, नव्या देशातले एकटेपण किंवा शिकवणाऱ्यांविषयीची तक्रार लिहून जागा खर्च करू नये. तुम्ही प्रश्नात ओझरते लिहिले आहे की वडिलांच्या ओळखीच्या एका दुकानासाठी मालाचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम तुम्ही केलात आणि माल वाढल्यावर तो फार हळू चालू लागला. तो हळू का झाला, तुम्ही काय बदललेत आणि डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवण्याच्या रचना) शिकल्यावर तोच प्रश्न कसा वेगळा दिसला, हे लिहा. पहिल्या सेमिस्टरचे कारण अर्जातल्या अतिरिक्त टिप्पणीच्या जागेत तीन-चार वाक्यांत, तारखांसह आणि दयेची याचना न करता सांगा.

फक्त बर्कलीवर भिस्त ठेवू नका. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची हमी देतात; बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमीचा अर्ज एकाच कॅम्पससाठी आणि सप्टेंबर महिन्यातच करता येतो, म्हणजे मुख्य अर्जाच्या आधी. काही मेजर या हमीतून वगळलेले असतात. उदाहरणार्थ, सांता बार्बराची इंजिनिअरिंग शाखा, जिच्यात कॉम्प्युटर सायन्स येते, तिला ती लागू नाही. सोप्या मेजरमधून बर्कलीत शिरून मग कॉम्प्युटर सायन्सकडे वळण्याचा बेत कोणी सुचवला असेल, तर सोडून द्या. आत गेल्यावर त्या मेजरमध्ये बदली मिळणे अतिशय कठीण आहे, आणि ट्रान्स्फर विद्यार्थ्याजवळ तेवढा वेळही नसतो. खासगी विद्यापीठांचे गणित निराळे आहे. प्रिन्स्टनने तर १९९० पासून २०१८ पर्यंत ट्रान्स्फर विद्यार्थी घेतलेच नव्हते, आणि स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी आजही जागा अगदी थोड्या असतात. तिथे प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात, यूसीला सहसा लागत नाहीत.

एक गोष्ट आजच घरी बोलून घ्या. एच-४ वरील मुलांचा दर्जा एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. एच-४ असताना कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाच्या फीसाठी पात्र ठरता येते, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सहसा येत नाही, आणि यूसीत हा फरक वर्षाला ३४ हजार डॉलरांहून अधिक आहे. तुमचा वाढदिवस प्रवेशाच्या आगेमागे येत असेल, तर इमिग्रेशन वकील आणि विद्यापीठाचे रहिवास तपासणारे कार्यालय या दोघांशीही अर्ज भरण्याआधी बोला.

अर्ज पाठवल्यावरही काम संपत नाही: जानेवारीत नव्या ग्रेडची माहिती भरावी लागते, प्रवेश मिळाला तरी तो वसंत सेमिस्टरच्या निकालावर अवलंबून असतो आणि अंतिम ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) १ जुलैपर्यंत पोहोचावा लागतो. या आठवड्यात असिस्टवर तुमच्या कॉलेजचा बर्कली कॉम्प्युटर सायन्सशी असलेला करार काढा आणि त्यातले कोणते विषय राहिले आहेत ते इथे लिहा. कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला बसवायचा, ते मग आपण मिळून पाहू.