‘बातमी वाचली’ की ‘बातमी ऐकली’?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातील एका खेड्यातून एका ताईंनी विचारले आहे. त्यांचा धाकटा भाऊ जन्मांध असून टॉकबॅक या, मोबाईलवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या (सॉफ्टवेअरच्या) मदतीने तो मोबाईलवर बातम्या, कापसाचे भाव आणि पाहुण्यांचे निरोप स्वतःच बघतो. मात्र “मी बातमी वाचली” असे तो म्हणाला, की गावातील एक निवृत्त गुरुजी “वाचली नव्हे, ऐकली म्हण” अशी त्याची दुरुस्ती करतात. त्यावर भावाचे उत्तर ठरलेले असते : “डोये नाही म्हून का झालं गुरुजी, बातमी त मीच वाचली ना!” यात बरोबर कोण, अशा बोलणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे स्क्रीन रीडरला, मराठीत काय म्हणावे आणि ‘दृष्टिहीन’ या शब्दातील वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत.

बरोबर भाऊ आहे. गुरुजींची चूक मला नवी नाही. सत्काराच्या भाषणांतून, पंचायत समितीच्या मेळाव्यांतून आणि एसटीच्या प्रवासातही मी ती इतक्यांदा ऐकली आहे, की आता तिचा राग येण्याऐवजी तिची मुळे खणावीशी वाटतात. अंध माणसाने ‘पाहिले’ म्हटले की हसणारे लोक स्वतः मात्र चव घेऊन पाहतात, वास घेऊन पाहतात, गाडी सुरू करून पाहतात, आणि यातील एकाही पाहण्याला त्यांना डोळा लागत नाही. हेच गुरुजी त्या मुलाला एखादे पत्र “वाचून दाखवतो” म्हणत असतील, तेव्हा ते त्याला नेमके काय दाखवतात, हे त्यांनी स्वतःशी एकदा ठरवावे. मराठीचा ‘दाखव’ गाणे म्हणून दाखवण्यातही येतो, कारण तिथे त्याचा अर्थ ‘प्रत्यक्ष करून समोर ठेव’ एवढाच असतो. हा मुद्दा सोपा आहे, म्हणून तो इथेच सोडतो.

खरी मौज ‘वाचणे’ या क्रियापदात आहे. याच्या मुळाशी संस्कृतचा ‘वच्’ धातू आहे आणि वच् म्हणजे बोलणे. त्याचे प्रयोजक रूप ‘वाचयति’, म्हणजे ‘बोलायला लावतो’. लिखित मजकूर वाचणे हा अर्थ या रूपाला चिकटला, तो अक्षरांना बोलायला लावणे या कल्पनेतून. व्युत्पत्तीचे पंतोजी इथे लगेच हात वर करतील, की दोन स्वरांमधला एकटा ‘च’ प्राकृतात टिकत नाही, लोचनाचे ‘लोअण’ आणि वचनाचे ‘वअण’ होते, तेव्हा मराठी ‘वाचणे’ थेट ‘वाचयति’वरून आले नसून ‘वाच्यते’ या कर्मणी रूपावरून आले असले पाहिजे. आक्षेप मला मान्य आहे आणि त्याने माझे काहीही बिघडत नाही. रूप कोणतेही धरा, धातू बोलण्याचाच राहतो; त्यात डोळ्याचा मागमूस नाही.

ज्यांना हे कोशातील पांडित्य वाटते, त्यांनी घरातील पुढच्या लग्नात मांडवात बसून पुण्याहवाचन नीट ऐकावे. तिथे कोणीही काहीही वाचत नसते. यजमान म्हणतो, “पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु”, म्हणजे ‘हा दिवस पुण्यकारक आहे असे आपण म्हणावे’, आणि ब्राह्मण उत्तर देतात, “अस्तु पुण्याहम्”. यजमान दुसऱ्यांच्या मुखातून शब्द वदवून घेतो. या वदवून घेण्यालाच ‘वाचन’ म्हटले आहे, आणि स्वस्तिवाचनातील ‘वाचन’ही तेच आहे. शतकानुशतके हा अर्थ आपल्या मांडवात जिवंत असताना आपण तो पुस्तकापुरता आणि नंतर डोळ्यांपुरता आखडून टाकला.

आता हे दृश्य त्या मुलाच्या मोबाईलवर आणून बसवा. तो काचेवरून बोट फिरवतो. बोटाखाली जे येईल ते टॉकबॅक उच्चारते. बोट उजवीकडे झटकले की पुढचा मजकूर, डावीकडे झटकले की मागचा, आणि हव्या त्या ठिकाणी दोनदा टिचकी मारली की ते उघडते. ओळीओळीने जायचे, शब्दाशब्दाने जायचे की अक्षराअक्षराने, हेही तोच ठरवतो. आवाजाचा वेग त्याच्या हातात असतो. सरावलेले लोक तो इतका वाढवतात, की शेजारी बसलेल्या डोळसाला त्यातले अक्षरही कळत नाही. हा मुलगा यजमान आहे आणि आतून बोलणारा आवाज भटजी आहे. ‘भवन्तो ब्रुवन्तु’ हे तो तोंडाने म्हणत नाही, बोटाने म्हणतो, एवढाच काय तो फरक. म्हणून ‘वाचयति’ या क्रियापदाचा कर्ता तोच ठरतो, आणि तुमच्या-माझ्यासारखे ओठ मिटून मजकुरावरून नजर फिरवणारे लोक व्युत्पत्तीच्या दृष्टीने उपऱ्या अर्थाने ‘वाचत’ असतात.

गुरुजींच्या भात्यातील सर्वांत चांगला बाण पोथीचा आहे, हे मी आधीच कबूल करतो. श्रावणात मंदिरात पोथी लागते, एकजण वाचतो, बाकीचे गाव ऐकते, आणि घरी जाताना कोणीही “मी पोथी वाचली” असे म्हणत नाही. मग मोबाईलचे ऐकणाऱ्याने तसे का म्हणावे? याचे कारण असे, की पोथी ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याचा हात धरता येत नाही. त्याला डुलकी लागली म्हणून अध्याय थांबत नाही, आणि एखादी ओवी निसटली म्हणून ती पुन्हा म्हणवून घेण्याची तिथे सोय नसते. ऐकणारा मजकुराच्या मागे चालतो, वाचणारा मजकुराला आपल्यामागे चालवतो. रेडिओवरची बातमी तो मुलगाही ‘ऐकली’ असेच म्हणतो, हे ताईंनी लिहिले आहेच. म्हणजे हा भेद गुरुजींपेक्षा त्याला अधिक नेमका कळतो. ब्रेलबद्दल तर गुरुजींचीही तक्रार नसावी. १९५१ साली भारतीय लिपींसाठी ठरलेल्या भारती ब्रेलचे सहा ठिपके बोटांनी चाचपले जातात आणि त्याला सगळेच बिनतक्रार ‘वाचणे’ म्हणतात. बोटाने वाचलेले चालते, मग बोटाने बोलते केलेले का चालू नये?

हा वाद आपल्या विदर्भात तरी व्हायला नको होता. अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले होते. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि आपले ग्रंथ सांगून लिहवीत. त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणताना आपली मान आदराने लवते, आणि त्यांचे ग्रंथांचे वाचन किती अफाट होते हे सांगताना ‘वाचन’ या शब्दावर कोणाचीही जीभ अडखळत नाही. तोच शब्द घाटंजीच्या मुलाने वापरला की मात्र आपल्याला व्याकरण आठवते.

या निमित्ताने एका घोषवाक्याचाही समाचार घेतो. ‘वाचाल तर वाचाल’ हे वाक्य प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर आणि प्रत्येक वाचनालयाच्या दारावर लिहिलेले असते. कोटी झकास आहे; पण तिच्यामुळे ही दोन्ही क्रियापदे एकाच मुळातून आली असे सांगणारे विद्वान तयार झाले आहेत आणि ते माझ्या चुलत भावांतही आहेत. जिवावरच्या संकटातून ‘वाचणे’ हे ‘वञ्च्’ या वेगळ्या धातूचे अपत्य आहे. त्याचा अर्थ वाकडे जाणे, चुकवणे, निसटणे आणि पुढे फसवणे असा पसरत गेला. हिंदीतील ‘बचना’ त्याच घरातला, आणि गंमत अशी, की ‘वंचना’ आणि ‘वंचित’ हे शब्दही त्याच घरातले. निसटून वाचलेला आणि फसवला गेलेला वंचित हे एकाच धातूचे सख्खे भाऊ आहेत. वाचनालयाच्या दारावरचे ते घोषवाक्य अंध वाचकाला मोबाईलवर चित्राच्या रूपात पाठवले, तर टॉकबॅक अनेकदा ‘प्रतिमा’ एवढेच सांगून गप्प बसते. मग वाचणारा वंचितच राहतो आणि या दोन क्रियापदांचे नाते तेवढ्यापुरते खरे होते.

आता ‘पडदावाचक’ या शब्दाकडे वळतो. स्क्रीन म्हणजे पडदा आणि रीडर म्हणजे वाचक, असे सरळ खिळे ठोकून हा शब्द तयार झाला आहे आणि परिभाषा घडवणाऱ्यांना तो फार आवडतो. मला त्याचे दोन्ही तुकडे खटकतात. आपल्याकडे नेत्रतपासणी शिबिरातून परतलेला माणूस ‘डोळ्याचा पडदा सरकला’ किंवा ‘पडद्याला सूज आहे’ असे सांगतो. पडदा म्हणजे त्याच्या लेखी दृष्टिपटल. ज्याचा पडदाच कामातून गेला आहे त्याच्या हाती पडदावाचक ठेवणे, हे नाव देणाऱ्याला जरी नाही तरी घेणाऱ्याला टोचते. दुसरे असे, की ही आज्ञावली पडद्यावरचे काही पाहतच नाही. बटणाचे नाव, मजकुराची अक्षरे, रकान्याचे शीर्षक ही माहिती ती थेट प्रणालीकडून मागून घेते. म्हणूनच पडदा पूर्ण काळा करून ठेवण्याची सोयही तिच्यात असते, त्या सोयीला ‘स्क्रीन कर्टन’ म्हणतात, आणि पडद्यावर असा पडदा टाकल्यावरही वाचन अखंड चालते.

याच कारणाने डोळ्यांना मराठी दिसणारा मजकूर तिच्यासाठी मराठी नसू शकतो. आमच्या भागातील झेरॉक्सच्या दुकानांतून आजही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अर्ज टंकले जातात. त्यात ‘क’ हा केवळ दिसायला ‘क’ असतो. आत संगणकाने रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह साठवलेले असते. डोळस माणूस ते खुशाल वाचतो, आणि अंध माणसाच्या कानावर मात्र रोमन अक्षरांचा असंबद्ध पाढा पडतो. एका कार्यालयाने मला असाच एक अर्ज ‘सुवाच्य’ म्हणून पाठवला होता. ‘सुवाच्य’ म्हणजे सुखाने वदवता येईल असे. त्या अर्जाइतके दुर्वाच्य मी दुसरे काही पाहिले नाही.

‘वाचक’ या तुकड्यावरचा माझा आक्षेप एव्हाना लक्षात आला असेल. वाचक तो मुलगा आहे. यंत्राला वाचक म्हणणे म्हणजे भटजीला यजमान म्हणणे. घडवणाऱ्यांनी तर आपल्या वस्तूंची नावे अधिक शहाणपणाने ठेवली आहेत. संगणकावरच्या ‘जॉज’ या स्क्रीन रीडरच्या नावाचा विस्तार ‘जॉब ॲक्सेस विथ स्पीच’ असा आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ पासून उभी केलेली आणि विनामूल्य मिळणारी ‘एनव्हीडीए’ म्हणजे ‘नॉनव्हिज्युअल डेस्कटॉप ॲक्सेस’. ॲपलचे ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडचे ‘टॉकबॅक’ ही नावे उघडच आवाजाची आणि बोलण्याची आहेत. चारांपैकी एकाच्याही नावात वाचणारा नाही. वाचक फक्त जातिवाचक नावात, म्हणजे ‘स्क्रीन रीडर’ या सर्वांच्या सामाईक नावात, घुसला आहे.

आणि ‘जातिवाचक’ हा शब्द लिहिताच माझी पंचाईत होते, कारण इथला ‘वाचक’ वाचणारा नसून बोलणारा, सांगणारा आहे. प्रश्नवाचक, संख्यावाचक, संबंधवाचक या साऱ्यांत तोच आहे. या जुन्या अर्थाने पाहिल्यास पडदावाचक म्हणजे ‘पडदा काय म्हणतो ते सांगणारा’ आणि मग शब्द निर्दोष ठरतो. एका भाषातज्ज्ञ मित्रांनी हा मुद्दा माझ्या तोंडावर फेकला होता. मी त्यांना एवढेच विचारले, की पडदावाचक हा शब्द घडवताना समितीच्या मनात संख्यावाचक होता की रीडर होता? उत्तर आम्हा दोघांनाही माहीत आहे, म्हणून योगायोगाने आलेल्या निर्दोषपणाचे गुण मी देणार नाही.

मला विचाराल तर मराठीत यासाठी सुंदर वाक्प्रचार आहे : बोलते करणे. अबोल माणसाला बोलते करतात, तसा मोबाईल बोलता करावा. टॉकबॅकचा आवाज अनेकांकडे बाईचा असतो, म्हणून या आज्ञावलीला ‘बोलकी’ म्हणावे, अशी सूचना मी आमच्या वाचनालयात मांडली होती. काचबिंदूमुळे नजर अधू झालेल्या आमच्या काकू, ज्या अक्षरे बोटभर मोठी करून निम्मा मजकूर डोळ्यांनी आणि निम्मा कानांनी उरकतात, त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “आमी त टाकब्याकच म्हनतो बाप्पा.” काकूंच्या पुढे माझी व्युत्पत्ती चालत नाही, तेव्हा ताईंनीही टॉकबॅक किंवा स्क्रीन रीडर हेच शब्द खुशाल वापरावेत.

‘दृष्टिहीन’ राहिलाच. सुटा शब्द ‘दृष्टी’ दीर्घ लिहायचा, आणि समासात तो पहिले पद म्हणून आला की संस्कृतातल्याप्रमाणे ऱ्हस्व ठेवायचा, म्हणून दृष्टिहीन, दृष्टिबाधित, दृष्टिपटल. ‘दृष्टीहीन’ अशी पाटी जिथे दिसेल तिथे ती चुकली आहे असे समजावे. भावाला हा शब्द अक्षराअक्षराने चालवून पाहायला सांगा. वेलांटी कोणती आहे, हे टॉकबॅक त्याला वेगळे सांगेल. नुसते ऐकणाऱ्याला ते कळणे अवघड आहे, आणि गुरुजींनी हा शब्द कसा लिहिला आहे, हेही त्याने एकदा तपासून पाहावे.