झारियाला जावं का, आणि मुलाला न्यावं का

नमस्कार,

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं, मग नको वाटून बाजूला ठेवलं. प्रश्न तसा सरळ आहे. राहुरीला कीटकशास्त्रात पीएचडी झाली आहे. उत्तर नायजेरियातल्या झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठात चवळीवरच्या अळीचं दोन वर्षांचं काम हाताशी आलं आहे. बायको आहे, सहा वर्षांचा मुलगा आहे, आणि नायजेरियाचं नाव काढलं की घरचे तोंडाकडे बघतात. जावं का, आणि गेलात तर त्या दोघांना न्यावं का?

मी तुमच्या झारियात नाही, उत्तरेतल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात आहे. दहा-बारा वर्षं झाली. व्हिसा, पिवळ्या तापाची लस, निवासी परवाना हे सगळं दूतावासाच्या पानावर मिळेल. ते मी लिहीत बसत नाही.

आधी कामाचं. काम होतं, आणि चांगलं होतं. तुम्ही जिथे जाताय ते झारियातलं समारूचं शेती संशोधन केंद्र १९२२ पासून आहे, विद्यापीठाच्याही चाळीस वर्षं आधीचं. विद्यापीठ १९६२ मध्ये झालं आणि केंद्र त्याच्याकडे आलं. चवळीच्या त्यांच्या वाणांना ‘साम्पी’ म्हणतात. त्यातला ‘साम्पी २०-टी’ हा बीटी वाण, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला, २०१९ च्या डिसेंबरात मंजूर झाला. जगातली ती पहिली बीटी चवळी. जालन्यात तयार झालेलं आपलं बीटी वांगं २०१० पासून स्थगितीत पडून आहे. ते बांगलादेशाच्या शेतात गेलं, आपल्या नाही. मी बीटीची भक्त नाही आणि वैरीही नाही. पण विद्यापीठाच्या शेतात सुरू झालेली गोष्ट शेतकऱ्याच्या पिशवीत पोचलेली बघायची असेल, तर ती मला तिकडे बघायला मिळाली. इकडे परभणीला शिकत असताना नाही मिळाली.

अळी तुमच्या ओळखीचीच आहे. आपल्या तुरीवर येते तीच मारुका. फुलं एकमेकांना चिकटवून आत शिरते, मग शेंगेत. तिकडचा शेतकरी एका हंगामात सहा-सहा, आठ-आठ फवारण्या करायचा, बहुतेक वेळा तोंडाला फडकंही न बांधता. बीटी वाणावर दोन पुरतात, कारण मावा आणि फुलकिडे राहतातच. शेतकऱ्यांच्या बैठकीला गेलात तर पहिला प्रश्न जनुकाबद्दल नसतो. चव कशी आहे, कोसई नीट फुगते का, आणि वाळलेला पाला शेळ्या खातात का. कोसई म्हणजे भिजवून, सालं काढून, वाटलेल्या चवळीचे वडे. सकाळी रस्त्याच्या कडेला बायका मोठ्या कढईत तळत असतात. आपल्याकडचा शेतकरी ज्वारीचा वाण निवडताना आधी कडबा विचारतो ना, अगदी तसंच.

आता त्रासाचं. वीज. वीज जाते हे सगळेच सांगतील, ती नेमकी काय खाते ते मी सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हरमाटन वाहतो, सहारातून येणारा धुळीचा वारा. हवा इतकी कोरडी होते की ओठांना चिरा पडतात. त्या दिवसांत मारुका वाढवायची म्हणजे खोलीत ओल टिकवायची. दमट करायचं यंत्र विजेवर, वीज नाही, जनरेटरचं डिझेल विभागाने मंजूर करायचं, आणि मंजुरीची सही करणारे साहेब राजधानीत, अबुजाला. आमच्या प्रयोगशाळेतले म्हातारे साहाय्यक, सगळे त्यांना मालम, म्हणजे गुरुजी, म्हणतात, पोती भिजवून चहूबाजूंनी टांगायचे. मग पतंगांच्या जाळीच्या पिंजऱ्यावर ओलं मलमल टाकायचे आणि रात्री उठून पुन्हा भिजवायचे. अळी कुठल्या अवस्थेत आहे ते बोटावर घेऊन सांगायचे, भिंगाशिवाय. माझ्या शोधनिबंधांत त्यांचं नाव आभारांत आहे. खरं तर लेखकांत हवं होतं, पण तसा रिवाज नाही म्हणून आमच्या विभागाने ते काढायला लावलं. तुम्ही गेलात की आधी तिथला मालम कोण ते शोधा. विभागप्रमुख नंतर भेटले तरी चालतील.

डीएनएच्या कामाला लागणारे प्रायमर, एन्झाइम, अभिकर्मकं बाहेरून येतात, आणि बर्फात आलेली पेटी सीमाशुल्काच्या गोदामात पडून राहिली की पाणी. एका वर्षी माझी पेटी सुटली तेव्हा तिच्यातला बर्फ वितळून, वाळून, वर बुरशी आली होती. शुल्क मात्र पूर्ण भरावं लागलं. तेव्हापासून मी प्रयोग असे आखते की शेतातून, जाळीतून आणि तराजूवरून जितकं निघेल तितकं तिथेच काढायचं, आणि रेणूंचं काम थोडं, एकत्र, कुणाच्या तरी चालू फ्रीजवर करायचं. नायजेरियात अत्याधुनिक काही नाही असं समजू नका. एडे इथल्या रिडीमर्स विद्यापीठातल्या जनुकीय केंद्राने मार्च २०२० मध्ये आफ्रिकेतला पहिला कोरोनाचा जनुकक्रम वाचला. तुमच्या झारियाच्या आवारात तर लहानशी अणुभट्टीसुद्धा आहे, चिनी बनावटीची. तिच्यावर माती-धान्यातली सूक्ष्म मूलद्रव्यं मोजतात. आहे ते बेटांसारखं आहे, मधलं पाणी तुम्ही पोहायचं.

संप. प्राध्यापकांच्या संघटनेने २०२० मध्ये मार्च ते डिसेंबर संप केला, २०२२ मध्ये १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर. मागण्या खोट्या नव्हत्या. २००९ मध्ये सरकारने केलेला करार सरकारनेच पाळला नव्हता. पण कीटकशास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी त्या तारखा वाचा. तिकडे उत्तरेत मारुका कोरड्या महिन्यांत टिकत नाही, पाऊस वर सरकतो तसे पतंग दक्षिणेकडून येतात. फेब्रुवारी ते ऑक्टोबर म्हणजे अख्खा पावसाळा गेला. विद्यार्थ्यांचं वर्ष गेलं ते वेगळंच. आमच्या मुली लग्न होऊन गेल्या, पोरं फोन दुरुस्तीच्या टपऱ्यांवर बसली. परत आले ते थोडे, आणि त्यातले हुशार आता कॅनडा नाहीतर इंग्लंडला निघालेत. त्यांची शिफारसपत्रं मीच लिहिते, मनापासून लिहिते, आणि लिहून झालं की त्या दिवशी प्रयोगशाळेत जात नाही.

पैशाचं एकच सांगते. कंत्राटात पगार नायरात, म्हणजे तिकडच्या चलनात, असेल तर सही करायच्या आधी विचार करा. २०२३ च्या जूनमध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडला तेव्हा डॉलरला ४६० च्या आसपास होता, पुढच्या वर्षी दीड हजारांच्या वर गेला. माझा पगार कागदावर तोच राहिला.

कागदांवरून आठवलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पदवीवरही तसंच. पीएचडी लग्नानंतरची, तिच्यावर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. पासपोर्टवर आणखी तिसरी मांडणी. तिकडच्या आस्थापना विभागातल्या बाईंच्या मते या तीन वेगळ्या स्त्रिया होत्या आणि त्यांतली नेमणूक कुणाची ते ठरत नव्हतं. नाव बदलल्याचं राजपत्र दाखवलं, ते मराठीत. भाषांतर केलं, त्यावर शिक्का कुणाचा म्हणून अडलं. कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र केलं तर त्यात टंकलेखकाने माझ्या वडिलांचं नाव चुकवलं. पगार सुरू व्हायला पहिला पावसाळा उलटला. सुटलं ते एका हौसा कारकुनामुळे. त्यांच्यातही मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. त्याने सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले, मधल्या नावावर बोट ठेवलं, ‘हा बाप’ म्हणाला, आणि दहा मिनिटांत फाइल वर गेली. तुम्ही निघण्याआधीच सगळी नावं एकसारखी करून घ्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे तिकडेही खरं आहे, फक्त तिकडे थांबायला ओळखीचं कुणी नसतं.

सुरक्षिततेबद्दल घरचे विचारणारच. २८ मार्च २०२२ ला अबुजा-कदुना रेल्वेवर हल्ला झाला, माणसं मेली, कित्येकांना पळवून नेलं. ती गाडी मी अनेकदा पकडली होती, रस्त्यापेक्षा सुरक्षित म्हणून. खोटा धीर देत नाही. अंधार पडल्यावर शहराबाहेर जायचं नाही, आणि स्थानिक सहकारी ‘आज नको’ म्हणाला तर कारण विचारायचं नाही.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतो. ज्वारी मिळते, शेवग्याचा पाला बाजारात ढिगाने असतो, शेजारी सणाला ताट पाठवतात. माणूस जगतो. पुढे जाऊ.

मुलाचं मात्र सविस्तर लिहिते, कारण ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. आम्हालाही सांगितलं नव्हतं. माझी मुलगी साताऱ्यात जन्मलेली, तिकडे आली तेव्हा तुमच्या मुलाएवढी. शाळा वाईट नव्हती. हौसा तिला माझ्यापेक्षा चांगली येते, गणितात कायम पुढे. नवरा कानोच्या एका कारखान्यात होता, शनिवारी यायचा. तिला सोबत ठेवायची हे आमचं दोघांचं ठरलेलं. दहावीच्या बरोबरीची परीक्षा ती तिकडेच झाली आणि अकरावीला पुण्याला माझ्या नणंदेकडे गेली. समकक्षता प्रमाणपत्रासाठी जी पळापळ झाली ती झाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गुण चांगले पडले. आणि मग खिडकीवरच्या माणसाने वर न बघता सांगितलं की राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. अधिवास आहे, जन्म साताऱ्याचा, आजोबा-पणजोबा साताऱ्याचे. हो, पण दहावी? तिच्याहून कमी गुणांची तिची मैत्रीण आज एमबीबीएसला आहे. आमची फिजिओथेरपी करते आहे. ती म्हणते, आई, मला आवडतंय, तू सोड आता. मी सोडत नाही. रात्री त्या नियमाचं पान उघडून वाचते, जणू एखाद्या दिवशी त्यात वेगळं काही लिहिलेलं असेल.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: न्या. सहा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं तिकडे मजेत जातील. पण ही दोन वर्षं दोनच राहत नाहीत, एवढं बायकोशी बोलून ठेवा. एक पावसाळा संपात जातो, एक पेटीची वाट बघण्यात. मग कंत्राट वाढवायचं म्हणतात, आणि तोवर प्रयोग असा रंगात आलेला असतो की नाही म्हणवत नाही. मारुका पुढच्या पावसात पुन्हा येते, तिचं काही अडत नाही. मुलगा मात्र आठवीत जातो. नववीच्या आधी महाराष्ट्रात शाळेत नाव घाला, मग बाकी काहीही करा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. परत येऊन इकडे नोकरी शोधाल तेव्हा मुलाखतीत तुमची समारूची वर्षं कुणी मोजेल का? माझी मोजली नाहीत. समितीतल्या एकाने विद्यापीठाचं नाव दोनदा विचारलं आणि मग पुढचा प्रश्न मराठवाड्यातल्या पर्जन्यमानावर टाकला. तरी मी परत गेले. माझं कंत्राट आता संपत आलंय, नवं पुढे पडलंय, सही झालेली नाही. तुम्हाला लिहिता लिहिता ठरेल असं वाटलं होतं.

जायचं ठरलं तर कळवा. मारुका वाढवण्याचं माझं टिपण आहे, खाद्याच्या प्रमाणासकट, हरमाटनमध्ये काय बदलायचं तेही त्यात आहे. पाठवून देईन.